मागची भरलेली आहे

१

आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी वसतिगृहात खोली मिळते आणि दुसऱ्या वर्षी हातात पिशवी देऊन बाहेर काढतात. याला ते स्वावलंबन म्हणतात. मग वरच्या वर्षांची मुलं तिघातिघांच्या, चौघाचौघांच्या टोळ्या करून घरं बघत हिंडतात, आणि कोण किती पाण्यात आहे ते तेव्हा कळतं. कोणी विचारतं, व्यायामशाळा आहे का. कोणी विचारतं, पार्सल घ्यायला खाली माणूस असतो का. शेजारी कोण राहतं, स्वयंपाकघरात चार जणांना एकत्र बसता येईल का, हे कोणी विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही. उद्या हीच मंडळी देश चालवणार आहेत.

मी शाळेपासूनच लांब, दुसऱ्या देशात शिकले आणि तिसऱ्या वर्षासाठी, ते सुरू व्हायच्या काही महिने आधीच, परत आले. कोणी बोलावलं नव्हतं. इथे काहीतरी उभं करायचं म्हणून आले. तिथे आम्ही दहाबारा जणी एका घरात राहायचो. एकच स्वयंपाकघर, एकच लांब टेबल, आणि जगातला असा एक प्रश्न नव्हता की जो त्या टेबलावर आम्ही सोडवला नव्हता. इथल्या मुलींना हे सांगितलं की त्या विचारायच्या, "आणि वाय-फाय?"

माझी मामेबहीण माझ्याच वर्गात होती. घरात तिला सगळे ठकी म्हणतात. आदल्या वर्षी ती एकटीच एक खोली घेऊन राहिली होती. सहामाहीनंतर तिने जेवण सोडलं, फोन घेईना, तेव्हा मामा येऊन तिला घरी घेऊन गेला. मी परत येणार म्हटल्यावर मामीने मला फोन केला. "तिला एकटी नको ठेवूस, एवढंच बघ. बाकी तू शहाणी आहेस."

"मामी, मी आहे ना," मी म्हणाले.

वरच्या वर्षांसाठी वसतिगृहात थोड्या खोल्या राखून ठेवतात, त्या चिठ्ठ्या टाकून मिळतात. ठकीने आम्हा दोघींची नावं घातली होती. तिची चिठ्ठी निघाली. दोन खाटांची खोली, दोघी राहणार असतील तरच.

"ताई, लागली आपल्याला," ती धावत आली.

"पिंजऱ्यात राहायचंय तुला? रात्री दार बंद करणारी वॉर्डन, सकाळी घंटा?"

"दार बंद करतं कोणीतरी, तेच तर बरं आहे ना."

मी तिला तासभर समजावलं. स्वातंत्र्य म्हणजे काय, भीती कशी सवयीने येते आणि सवयीनेच जाते. ती ऐकत राहिली, नखं खात. शेवटी "बरं" म्हणाली. ती नेहमीच "बरं" म्हणते. ती खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली.

२

घर दाखवायची इथे एक रीत आहे. पुढच्या वर्षीची घरं या वर्षीच ठरतात, त्यामुळे आपण बघायला जातो तेव्हा आतली मुलं अजून आतच असतात. एजंट दारावर टकटक करतो आणि उत्तराची वाट न बघता दार उघडतो. आतला माणूस टेबलाशी बसलेला असतो. त्याने वळायचं नाही. आपण बोलायचं नाही. कपाट उघडायचं, खिडकी लावून बघायची, भिंतीची ओल बघायची, आणि निघताना त्या पाठीला "सॉरी" म्हणायचं. पाठ काही बोलत नाही. दार बंद.

एका दुपारी अशा पाठी मी किती बघितल्या असतील. हुडी घातलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या, पाठीवर कोणत्याशा संघाचं नाव लिहिलेल्या. आणि माझ्याबरोबरची मंडळी त्यांच्या डोक्यावरून हात घालून पडद्याचा दांडा हलवून बघत होती. सुशिक्षित माणसं.

मी प्रत्येक खोलीत "नमस्कार" म्हणायचे. मुद्दाम, मोठ्याने. एक मुलगा इतका दचकला की त्याचा चहा कीबोर्डवर सांडला.

"ही निवडणुकीला उभी आहे का?" आमच्यातली तिसरी ठकीला विचारायची. ती कायदा शिकत होती आणि साध्या "जेवलीस का"लाही उलटतपासणी घ्यायची, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत.

एजंट गोलमटोल होता. सतत वेलदोडा चघळायचा. "मॅडम, तुम्ही घर बघा," तो मला म्हणाला. "माणसं घराबरोबर येत नाहीत."

"तेच तर चुकतंय तुमचं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. गाढवापुढे वाचली गीता.

३

ते घर एका लाँड्रीच्या मागे होतं. बाहेरून काही खास नव्हतं, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मी थांबले. लांब लाकडी टेबल. दोन्ही बाजूंना बाकं. वरून साधा दिवा सोडलेला. मला त्या टेबलाशी बसलेली माणसं दिसायला लागली, जी अजून मला भेटायची होती.

वर तीन खोल्या होत्या. तिन्हींत तीन पाठी. त्यांना मी नमस्कार केला. एकीने मान हलवली, दोघी बसून राहिल्या. खाली आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत अजून एक दार दिसलं. एजंट त्याच्यासमोरून सरळ निघून गेला होता.

"इथे काय आहे?"

"मागची भरलेली आहे."

"वरच्यापण भरलेल्याच होत्या की. त्या दाखवल्यात."

"त्या रिकाम्या होतील. मागची भरलेली आहे. ती राहतेच."

"राहते म्हणजे? पुढच्या वर्षीही?"

"राहतेच," तो म्हणाला.

म्हणजे आम्हाला चौथी मिळणार होती. वरच्या वर्गातली, कदाचित संशोधन करणारी, हे घर सोडावंसं न वाटणारी. मला तर आनंद झाला. टकटक करून मी दार उघडलं.

अरुंद खोली. समोर खिडकी, खिडकीबाहेर हातभर अंतरावर लाँड्रीची भिंत. खिडकीशी टेबल, टेबलाशी एक मुलगी. केस मानेवर बांधलेले, करडा स्वेटर, कोपराला विरलेला. खोलीत लिहिण्याचा आवाज होता. कागदावर पेन भराभर चालावं तसा, ओळ संपवून पुढच्या ओळीवर जाणारा.

"नमस्कार," मी म्हणाले.

आवाज थांबला.

ती वळली नाही. खांदे मात्र जरासे वर आले, कोणीतरी नाव घेतल्यावर येतात तसे. मी एक पाऊल आत टाकलं, तिला बाजूने बघावं म्हणून. तेव्हा मला तिचे हात दिसले. दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर करून. टेबलावर कोरी वही होती.

एजंटचा हात माझ्यासमोरून गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. हळू, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं ओढतात तसं.

"अभ्यास चाललाय तिचा," तो म्हणाला.

दाराआड पेनचा आवाज परत सुरू झाला.

मी मूर्ख नाही. मी स्वतःला विचारलं. पेन तिने माझी चाहूल लागताच खाली ठेवलं असेल. आवाज भिंतीपलीकडचा असेल, लाँड्रीतला, कुठलं तरी यंत्र. माणूस रोज ऐकतो त्यातलं निम्मं त्याने स्वतःच जोडलेलं असतं. हे मी वाचलेलं आहे.

"ताई, हे नको," ठकी बाहेर आल्यावर म्हणाली.

"कारण?"

"कारण नाही सांगता येत."

"मग ते कारण नाही."

वकीलबाईला वरची मोठी खोली आवडली होती. दोन विरुद्ध एक. आम्ही घर घेतलं.

४

राहायला गेलो तेव्हा आधीच्या मुली खोकी बाहेर काढत होत्या. मी एकीला मागच्या खोलीबद्दल विचारलं.

"आमच्याआधीपासून आहे," ती म्हणाली.

"नाव काय तिचं?"

ती विचारात पडली. मग हसली, थोडी ओशाळून. "अगं, विचारायचंच राहिलं."

वर्षभर एका छपराखाली राहून. मी तिला तिच्या तोंडावर काही बोलले नाही, पण ते लपलं नसावं, कारण तिने घाईने खोकं उचललं.

पहिल्या दिवसापासून मी मागच्या दारावर टकटक करायला लागले. "चहा केलाय." पेन थांबायचं. मी उभी राहायचे. पेन सुरू व्हायचं. मी कप दाराशी ठेवायचे, आणि संध्याकाळी तो तसाच, वर साय धरलेला, परत आणायचे.

ती स्वयंपाकघरात कधी आली नाही. न्हाणीघरात चौथा टूथब्रश नव्हता. मला या गोष्टी दिसत नव्हत्या असं नाही. पण काही माणसं लाजरी असतात, काहींची वेळ वेगळी असते. दुसऱ्याचं खासगीपण जपणं हाही एकत्र राहण्याचाच भाग आहे, असं मी टेबलावर सांगितलं.

"खासगीपण ठीक आहे," वकीलबाई म्हणाली. "पण ती खाते काय?"

"तू तिची साक्ष घेणार आहेस का?"

"हो, हजर झाली तर."

ठकी सूप ढवळत होती. "ती पान उलटत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"ती. एवढं लिहिते, पण पान उलटल्याचा आवाज नाही येत. मी ऐकत असते."

वकीलबाईने चमचा खाली ठेवला. महिन्याभरात ती एका नव्या इमारतीत राहायला गेली, जिथे तळमजल्यावर व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव होता. जाताना म्हणाली की तिला इथे थंडी वाजते. मी तिला सामान उचलायला मदत केली नाही. ज्यांना पोहण्याचा तलाव लागतो त्यांनी तलावाकडे जावं.

एका सकाळी पेनचा आवाज नव्हता. ठकी वर्गाला गेली होती. मी टकटक केली, थांबले, आणि दार उघडलं.

खोली रिकामी होती. पलंग नाही, कपडे नाहीत. टेबल, खुर्ची, कोरी वही. खिडकीबाहेर भिंत. इतकी शांत जागा मला त्या घरात दुसरीकडे मिळाली नव्हती, आणि माझा प्रबंध कधीचा रखडला होता. नव्या प्रकारच्या विद्यार्थी-घरांवर होता तो. मी खुर्चीत बसले.

खुर्ची गरम होती. उन्हाने असेल, असं मनात आलं. त्या खोलीत ऊन येत नव्हतं.

मी एजंटला फोन केला. "मागची रिकामी झाली आहे. कळवलं नाहीत?"

"नाही मॅडम," तो वेलदोडा चघळत म्हणाला. "भरलेली आहे."

"मी आत बसून बोलते आहे."

"हो ना," तो म्हणाला. "तेच म्हणतोय."

तोंडाला तोंड देण्यात अर्थ नव्हता. मी फोन ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. फार छान लिहून होत होतं. कुठे अडत नव्हतं.

५

ठकी दाराशी येऊन उभी राहायची. आत येत नसे. "ताई, जेवायचं ना?" मी म्हणायचे, आले. मग थोड्या वेळाने तीच परत, "ताई, गार झालं." तिचा आवाज असा होता की चिडायला व्हावं. मांजर दाराला नखं घासतं तसा.

सुरुवातीला मी टेबलाशी जाऊन बसत होते. पण टेबलाशी ठकीच असायची. एवढ्या लांब टेबलाच्या एका टोकाला एक मुलगी, समोर पाव आणि अंडं, आणि ती सांगणार काय तर वर्गात कोण कोणाशी बोललं. मी ज्यांची वाट बघत होते ती माणसं आली नव्हती. मी वर्गातल्यांना बोलावलं होतं, दोनदा. एकदा दोघं आले आणि फोन चार्ज करून गेले. दुसऱ्यांदा कोणीच आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्यांना काही कळतच नाही त्यांचं वाईट काय वाटून घ्यायचं.

त्यापेक्षा मागची खोली बरी.

"ताई," ठकी एकदा दारातून म्हणाली, "वसतिगृहात खोली रिकामी झाली आहे. दोन खाटांची. मी आपली नावं परत यादीत घातली होती, पुढचा नंबर आपला होता. उद्यापर्यंत सांगायचंय."

"मग सांग नको म्हणून."

"मी हो सांगितलंय."

मी लिहीत राहिले.

"दोघी असू तरच देणार आहेत. मी एकटी नाही राहू शकत, तुला माहितीय. आणि तूपण..." ती थांबली. "तू चल ना. मी तुझी बॅग भरते. तुला काही करायला नको."

तेव्हा मी तिला खूप काही सुनावलं. आयुष्यभर कोणाचा तरी पदर धरून चालणार का. तुझ्यासारख्या मुली असतात म्हणून वॉर्डन असतात. मी काय सोडून इथे आले आहे याची तुला कल्पना तरी आहे का. शब्द फार नेमके येत होते. मी भिंतीकडे बघून बोलत होते आणि एकही शब्द शोधावा लागत नव्हता.

ती रडत होती की नाही, मला दिसलं नाही.

"वळून बोल ना, ताई," ती म्हणाली.

"काम चाललंय माझं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "तूपण पान नाही उलटत."

पावलं जिन्यावरून वर गेली.

मूर्ख मुलगी. मी पान उलटून बघितलं असतं, पण मधेच थांबले तर वाक्य तुटलं असतं.

६

आज सकाळपासून वर कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. ठकी सामान बांधत असावी. माझंही बांधत असेल, ती तशी आहे. मी ठरवलं होतं की हे वाक्य संपलं की उठायचं. मामीला शब्द दिला होता. चार दिवस त्या पिंजऱ्यात जाऊन राहू, तिची बसायची-उठायची सोय लावू, आणि परत येऊ. एवढं करणं मला काही अवघड नव्हतं.

दुपारी पुढचं दार वाजलं. बरीच पावलं. एजंटचा आवाज.

"हे स्वयंपाकघर. बघून घ्या, बघून घ्या. टेबल घराचंच आहे."

"वाय-फाय?" कोणीतरी विचारलं.

मला हसू आलं. पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं. ते वर गेले, खाली आले. नळ सोडून बघितला, फ्रीज उघडला, कोणीतरी म्हणालं की इथे टीव्ही छान बसेल. माझ्या टेबलावर. मी मान वर केली नाही.

"आणि हे?" एका मुलीचा आवाज. मोठा, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"वरच्या सगळ्या रिकाम्या होतील," एजंट म्हणाला. "मागची भरलेली आहे. ती राहतेच."

दारावर टकटक झाली आणि दार उघडलं.

"नमस्कार," ती मुलगी म्हणाली.

लिहिणं थांबलं.

मला कळत होतं की ती हसते आहे. तिला वाटत होतं की आपण काहीतरी वेगळं करतो आहोत, बाकीच्यांसारखे नाही आहोत आपण, आपण माणसाला माणूस समजतो. त्या एका शब्दात हे सगळं होतं. किती स्वतःवर खूष. मागे तिची टोळी उभी, एकाचा हात माझ्या दाराच्या चौकटीवर असणार. यांच्यासाठी वळायचं?

माझे खांदे जरा वर आले. ते मी केलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बॅगेच्या चाकांचा आवाज आला. दोन बॅगांचा. ओळखीची पावलं गर्दीतून वाट काढत दाराशी आली. ठकीच्या साबणाचा वास आला.

"ताई?"

हिच्यासाठी मी वळणार होते. फक्त ती माणसं आधी जाऊ देत, एवढंच माझ्या मनात होतं. या असल्या लोकांसमोर, त्यांनी बघावं म्हणून, मी वळणार नव्हते. एक क्षण. ठकीला कळायला हवं होतं.

ती आत आली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. एक पाऊल, मग अर्धं. माझ्या मानेमागे तिचा श्वास ऐकू आला. मी वाट बघत होते की ती खांद्यावर हात ठेवेल.

"सॉरी," ठकी म्हणाली. मग मागे वळून, एजंटला, "मला वाटलं माझी ताई आहे."

"अभ्यास चाललाय तिचा," एजंट म्हणाला.

दार हळू ओढलं गेलं.

मी आता ठकीला ऐकते आहे. ती वर गेली आहे. माझ्या खोलीचं दार उघडलं. मग वकीलबाईच्या खोलीचं. मग परत माझ्या. "ताई," ती हाक मारते आहे, प्रत्येक खोलीत एकदा, आणि मग थांबून ऐकते आहे. खाली ती मुलगी एजंटला विचारते आहे की मागची ती कोणत्या वर्षाला आहे, काय लिहिते.

लिहिण्याचा आवाज परत सुरू झाला आहे. भराभर, ओळ संपवून पुढच्या ओळीवर.

मी खाली बघितलं. दोन्ही हात मांडीवर आहेत.